उधारीचा नफा आणि प्राप्तिकर

वाशीच्या घाऊक बाजारातून महाराष्ट्रभर माल जातो. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून तिकडे 1981 साली आला; पुढे धान्य, मसाले, फळे, भाजीपालाही आला. बाजार नवा झाला, पण उधारीची रीत जुनीच राहिली. गावचा दुकानदार मिरची-हळद नेतो आणि म्हणतो, "शेठ, सुगी झाली की पैसे पोचते करतो." आता हा न आलेला पैसा शेठजींचे उत्पन्न म्हणायचा का? आणि त्यावरचा प्राप्तिकर, म्हणजे आपला इन्कमटॅक्स, भरायचा तो कोठून?

याचे उत्तर व्यापारी वह्या कशा ठेवतो यावर आहे. पैसा हाती आला की जमा, हातातून गेला की खर्च, ही रोकड पद्धत. बिल झाले, माल गेला, की पैसा येवो न येवो, उत्पन्न धरायचे, ही मर्कंटाइल पद्धत. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या 145 व्या कलमाने धंदेवाल्याला दोहोंपैकी एक पत्करण्याची मोकळीक दिली. 2025 च्या नव्या कायद्यानेही ती ठेवली आहे. पूर्वी दोहोंची खिचडीही चालत असे. 1995 च्या वित्त कायद्याने ती मोडली, आणि आकारणी वर्ष 1997-98 पासून ती बंद झाली. कंपन्यांना मात्र आपल्या वह्या मर्कंटाइल पद्धतीनेच ठेवाव्या लागतात.

शिक्षकबंधूंनी मनात आणले असेल, की आम्हालाही ही निवड आहे का? पगाराला नाही. पगार देय झाला किंवा हाती पडला, यांपैकी जे आधी घडेल त्यावर कर. थकलेला पगार एकदम मिळाला, तर त्यासाठी वेगळी सवलत मागता येते.

आता हिशेब पाहू. एका पेढीने साडेचार लाखांचा मसाला रोखीने घेतला आणि मार्चमध्ये पाच लाखांना उधार विकला. पैसे आले ऑगस्टात. मर्कंटाइल वहीत पन्नास हजारांचा नफा मार्चअखेरच पडतो, आणि कर पदरचा भरावा लागतो. रोकड वहीत ते पाच लाख पुढच्या वर्षी जमा होतात. कर माफ होत नाही, पुढे जातो, एवढेच. "कर वाचवून देतो" असे सांगणाऱ्याला हे आवर्जून विचारावे.

शिवाय ज्याला गिऱ्हाईक आगाऊ पैसे देते आणि जो स्वतः माल उधारीने आणतो, त्याला रोकड पद्धत उलटी पडते. आगाऊ रक्कम आली की उत्पन्न. देणे फिटेपर्यंत खर्च नाही. मर्कंटाइलवाल्याला बुडीत उधारी वहीतून काढून टाकून वजावट मिळते, हेही विसरू नये. आणि वस्तू व सेवा कर मालाच्या उधारीसाठी थांबत नाही. बिल फाडले की तो देणे लागतोच, प्राप्तिकराची वही कोणतीही असो.

तरीही एखाद्याने मर्कंटाइल सोडून रोकड धरायची ठरवली, तर बदल वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आणि सगळ्या खात्यांत करावा. अधिकारी दोन गोष्टी पाहतो: बदल प्रामाणिक आहे का, आणि पुढे तो नियमाने पाळला का. यंदा रोकड, पुढच्या वर्षी परत मर्कंटाइल, ही कोलांटी चालत नाही. लेखापरीक्षणाच्या अहवालातही पद्धत बदलली का, हे विचारलेले असते.

सगळ्यांत मोठी अडचण जुन्या बाकीची. 31 मार्चला जी उधारी येणे होती, तिच्यावर कर आधीच भरलेला. एप्रिलनंतर ती वसूल झाली आणि रोकड वहीत नेहमीसारखी जमा पडली, तर एकाच नफ्यावर दोनदा कर! तसेच जुन्या खरेदीचा खर्च एकदा वजा झालेला. देणे फेडताना तो पुन्हा वजा मागता येत नाही. म्हणून त्या दिवशीच्या येण्या-देण्याची नाववार यादी करावी, बिलाच्या तारखेसह, आणि तिची वसुली वेगळ्या खाती लिहावी.

त्या यादीत आपल्या गावच्या दुकानदाराचेही नाव असेल. वाशीच्या पेढीकडून बाकी कबूल करण्याचे पत्र आले, तर तगादा समजून ते बाजूला टाकू नये. आपली खतावणी काढून रक्कम ताडून पाहावी, फरक असल्यास तसे लिहावे, आणि सही करून उलट टपाली धाडावे.