पोर हिशेब विचारू लागते तेव्हा

(शेतकरी-मच्छीमार मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी दोघे-तिघे अलीकडे माझ्याकडे एकच गाऱ्हाणे घेऊन आले. "मास्तर, पोरगा बिघडला." मी विचारले, दारू पितो? नाही. जुगार खेळतो? तेही नाही. मग करतो काय? म्हणे, जेवताना प्रश्न विचारतो. तीन पिढ्या आपण या घरात राहतो, मग खालची जमीन भाटकाराच्या नावावर का? ट्रॉलर काठाजवळ येऊन मासळी खरवडून नेतो आणि आपली होडी रिकामी का येते? अमक्याच्या एका लग्नात उडाला तेवढा पैसा आपल्या वाड्याला वर्षभर राबून का दिसत नाही?

मंडळी, याला बिघडणे म्हणत असाल तर आपली सगळी चळवळच बिघडलेल्या पोरांनी उभी केली, असे म्हणावे लागेल.

जरा मागचे आठवा. मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरू लागले. पत्रादेवीच्या पलीकडे सावंतवाडीत हे घडत होते आणि अलीकडे आपण पोर्तुगिजांच्या राज्यात होतो. भाटकाराच्या भाटात खोप घालायची आणि त्याबदल्यात बोलावतील तेव्हा राबायला जायचे, हे मुंडकाराचे जिणे. तोंड उघडले तर खोप मोडायची भीती. १९६१ साली मुक्ती आली. १९६३ साली पहिली निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले. मुंडकाराने पहिल्यांदा भाटकाराला न विचारता मत दिले ते तेव्हा. महाराष्ट्रात जावे असे म्हणणाऱ्या कित्येकांच्या मनात मराठीइतकाच भाताच्या खंडी-कुडवांचा हिशेब होता. हे आपले पुढारी व्यासपीठावरून फारसे बोलत नसत, पण खरे तेच होते.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. आपण हरलो. १९८७ साली गोवा घटक राज्य झाले. आमचे मन अजून तिकडेच आहे, ती गोष्ट निराळी. पण हिशेबाचा प्रश्न त्या मतपेटीत बुडाला नाही. १९७५ साली मुंडकाराला घरातून काढता येणार नाही असा कायदा झाला आणि १९७६ साली शशिकलाताईंच्या काळात कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याची वाट झाली. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, दावे लांबले. कायदा होऊन पन्नास वर्षे होत आली, तरी किती घरांत अजून कागद झालेला नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. देवळाच्या गावात राहून सांगतो, देवस्थानांच्या जमिनींवरही कुळेच राबतात. देवाचे नाव घेतले म्हणून हिशेब माफ होत नाही.

रापणकारांचे तसेच. सरकारी कर्जे आणि सवलती घेऊन ट्रॉलर आले, ते बहुतेक पैसेवाल्यांचे. सत्तरीच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. त्यांचे पुढारी माथानी साल्ढाणा पेशाने शिक्षक. आपल्या गोटातले ते नव्हते, पण त्यांचे ऋण मानले पाहिजे. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. काठापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरने येऊ नये, असा नियम आहे. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यालाही केंद्राने २०१७ साली बंदी घातली. रात्री काठावर उभे राहून समुद्रात किती उजेड दिसतो ते पाहा, म्हणजे पोरगा का संतापतो ते कळेल. आणि १९७९ साली बसभाड्यात निम्मी सवलत मिळवली ती कोणी? विद्यार्थ्यांनीच ना?

तेव्हा त्याला गप्प बसवू नका. मात्र एक लक्ष ठेवा. असा संतापलेला पोरगा निवडणुकीत सगळ्यांनाच हवा असतो. कोणी त्याला मोटारसायकलीला पेट्रोल घालून देईल आणि झेंडा धरायला लावील. कोणी सांगेल, तुझे पोट मारले ते परप्रांतीयाने. ट्रॉलरवर जाळे ओढणारा परप्रांतीय पोर तुमच्या पोराइतकाच गरीब आहे. ट्रॉलर त्याचा नव्हे. हे पोराला घरातच समजावून सांगा.

आणि त्याला कागद वाचायला शिकवा. एक-चौदाचा उतारा काढून आणा. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, कुळाच्या रकान्यात कोणाचे, इतर हक्कांत मुंडकार म्हणून तुमची नोंद आहे की नाही, हे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. नसेल तर मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिले, मतदारयादीतील नाव, जे सापडेल ते जपून ठेवा; वाळवीला देऊ नका. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून कोण कधी आले, कोणी घर बांधले, ते लिहून काढा. हे काम पोरगा करील. मुलगी असेल तर अधिक नेटकेपणाने करील, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

रविवारी सकाळी मी मोकळा असतो. उतारा घेऊन या, आणि येताना त्या बिघडलेल्या पोरालाही आणा.