भाकरी, तालीम आणि वस्ताद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीत आहेस, संगणकावर काहीतरी बोल." मी म्हटलं, संगणकावर माझ्यापेक्षा तुमची पोरं जास्त बोलतील. मी जेवणावर आणि व्यायामावर बोलते. ते हसले. "म्हणजे आम्ही जिलेबी ठेवायची नाही का?" जिलेबी ठेवली आहे, मघाशी मीही एक खाल्ली. त्यामुळे घाबरू नका, कुणाच्या ताटात मी डोकावणार नाही. मी माझ्याच ताटाबद्दल बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी एचबीएवनसी ६.३ आली. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी ही तपासणी. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. मी उंबऱ्यावर उभी होते आणि पाय आत टाकायला थोडंच अंतर होतं. तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला. घरात कुणाला सांगितलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी मी, स्वतःचा रिपोर्ट वर्षभर उघडला नाही.

तो उघडला आईमुळे. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या आईच्या हातचं जेवला आहात. तिला वीस वर्षं साखर आहे. तिच्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती दुखली नाही म्हणून तिने दुर्लक्ष केलं आणि शेवटी ते बोट काढावं लागलं. दवाखान्यात तिच्या पायाशी बसले असताना मला ड्रॉवरमधला कागद आठवला. पुण्याला परत गेल्यावर पहिल्यांदा तो नवऱ्याला दाखवला.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाही. आयसीएमआरने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून जास्त, सुमारे साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. या मांडवात आपण शंभरएक जण बसलो आहोत, सगळे पंचेचाळिशीच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा.

आता ताटाकडे येते. आपल्या वर्गात डबा उघडताना काय व्हायचं, आठवतंय? ज्याच्या डब्यात चपाती तो श्रीमंत. ज्याच्या डब्यात भाकरी आणि खर्डा, तो झाकण अर्धंच उघडायचा. मी तशीच होते. पुढे इंजिनिअरिंगला सांगलीला गेले, तेव्हा आईने एसटीने पाठवलेल्या भाकऱ्या मी खोलीतल्या मुली झोपल्यावर खायचे. नोकरी लागल्यावर ठरवलं, आपल्या घरात भाकरी होणार नाही. वीस वर्षं झालीही नाही. सकाळी ब्रेड किंवा पोहे, दुपारी कॅन्टीनचा भात, चार वाजता चहा-बिस्किटं, रात्री दहाला मैद्याचं काहीतरी मागवलेलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'मिलेट बाऊल' आला. किंमत दोनशे ऐंशी रुपये. आत ज्वारीच होती. जी भाकरी मी लपवून खाल्ली, ती मला इंग्रजी नावाने विकत घ्यावी लागली.

गावातही तेच झालं, हे मी दोष म्हणून सांगत नाही. पाणी आलं, ऊस आला, द्राक्षबागा आल्या. त्यामुळेच आपल्यातल्या कितीतरी जणांची शिक्षणं झाली, माझंही. पण शाळू मागे पडला आणि त्याच्याबरोबर हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, तांदुळजा, घोळ, अंबाडी हेही ताटातून गेलं. पूर्वी चटणी-भाकरीवर दिवसभर शेतात राबणारा माणूस आता मोटरसायकलवर मळ्यात जातो आणि पंपाचं बटण मोबाईलवरून दाबतो. जेवण बदललं, काम कमी झालं, भूक मात्र तेवढीच राहिली.

मी आहारतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी सांगितलेलं आणि मी घरी करून पाहिलेलं थोडक्यात सांगते.

पहिलं, प्रथिनं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. मी वही घेऊन बसले. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे शंभर ग्रॅम पीठ: १०. मूठभर मटकीची उसळ: ७. दोन अंडी: १२. मूठभर शेंगदाणे: ७. मोठा पेला दूध: ८. वाटीभर वरण: ५ ते ६. झाले पन्नास. यातलं काहीही पुण्याच्या मॉलमधून आणावं लागत नाही, कुंडलच्या बाजारात सगळं मिळतं. अंडी खात नसाल तर उसळ आणि दही वाढवा. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

दुसरं, भाकरी औषध नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. माझ्या ताटात आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ आणि मग दीड-दोन भाकऱ्या असतात.

तिसरं सांगताना जरा भीती वाटते, कारण मी उसाच्या गावात उभी आहे. गूळ हीसुद्धा साखरच आहे. काकवीसुद्धा. 'गुळाचा चहा चालतो' असं म्हणून दिवसाला पाच कप पिणारे इथे किमान दहा जण आहेत, त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. हे झाले साधारण सहा चमचे, त्यात चहा, बिस्किटं, जिलेबी सगळं आलं.

चौथं, तेल. ताटात तेल मोजता येत नाही, पिशव्या मोजता येतात. आमच्या तीन माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागायचं. आता दोन लागतं. फोडणी पळीने घालायची सोडून चमच्याने घालायला लागलो, एवढंच केलं. मुलगा पहिल्या आठवड्यात कुरकुरला, दुसऱ्या आठवड्यात विसरला.

पण ताट बदलून वजन थोडं उतरलं आणि तिथंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू कमावल्याशिवाय भागणार नाही. रक्तातली बरीच साखर आपले स्नायू वापरतात, आणि तिशी-चाळिशीनंतर काही केलं नाही तर ते दर दहा वर्षांना घटत जातात. म्हणून मी जिमला गेले आणि तिथे मोठी चूक केली.

चकचकीत जागा होती. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट होती, ते भरले. मला एक ट्रेनर दिला. दंड एवढे, बोलणं गोड. त्याने माझं वजन केलं, पण आजार विचारला नाही, कंबर विचारली नाही, दिवसाचे दहा तास मी खुर्चीत बसते हेही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर बार ठेवून बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या आठवड्यात सहाशे रुपयांचं वाटेल असं पावडरचं डबडं चार हजारांना दिलं. तिसऱ्या आठवड्यात माझी कंबर धरली. मी म्हटलं, दुखतंय. तो म्हणाला, "मॅडम, दुखलं तरच फरक पडतो." सहा आठवडे मी अंथरुणावर होते.

पडल्यापडल्या मला आपल्या गावची तालीम आठवली. आपण मुली तालमीच्या दारातून जायचो, आत जायची सोय नव्हती. पण ताक, तेल, हळद घालून भिजवलेल्या त्या लाल मातीचा वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कुंडलचं कुस्ती मैदान बघायला आपण वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहोत. आपला भाग पैलवानांचा. शेजारच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकं आणली. आणि त्याही आधी, प्रतिसरकारच्या काळात, याच कुंडलमध्ये जी. डी. बापूंनी तुफान सेनेच्या पोरांना कवायत शिकवली. शरीर कसं तयार करावं हे या मातीला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नव्हती.

वस्ताद नवीन पोराला पहिल्या दिवशी कुस्ती लावत नाही. आधी माती उकरायला लावतो. मग जोर-बैठका, त्याही झेपतील तेवढ्या. पोरगं रात्री किती झोपलं, काय खाल्लं, हे त्याला माहीत असतं. ताप असेल तर घरी पाठवतो. माझ्या त्या ट्रेनरने यातलं काहीही केलं नव्हतं. आणि एक गोष्ट आपण विसरलो. पैलवानाचा खुराक हा पैलवानाच्या मेहनतीला असतो. आपण तूप, बदाम, दूध तेवढं उचललं आणि बैठका तालमीतच ठेवल्या.

कंबर बरी झाल्यावर मी दुसरा ट्रेनर शोधला, पण या वेळी नोकरीची मुलाखत घ्यावी तसा. माझ्या प्रश्नांची यादी तुम्हाला देते, तुमच्या पोरांनाही उपयोगी पडेल.

पहिल्या भेटीत तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो? बीपी, साखर, जुनी दुखापत, गोळ्या, बायकांची बाळंतपणं, पाळी थांबली का, हे विचारलं पाहिजे. न विचारता वजन उचलायला देणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

त्याचं शिक्षण काय? प्रमाणपत्र दाखवायला सांगा, ते कुठल्या संस्थेचं आहे आणि किती दिवसांच्या शिक्षणाचं आहे ते बघा. दंडाचा घेर हे प्रमाणपत्र नाही.

तो वहीत नोंद ठेवतो का? मागच्या आठवड्यात किती उचललं हे माहीत नसेल तर पुढच्या आठवड्यात किती द्यायचं हे तो कशावरून ठरवणार?

तो काही विकतो का? पावडर, गोळ्या, इंजेक्शन. पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आणि दुकानाची पावती बघा. इंजेक्शनचं नाव काढलं तर पोराला त्या दारातून परत आणा. हे मी हात जोडून सांगते.

दुखतंय म्हटल्यावर तो थांबतो का? आणि जे त्याला कळत नाही त्यासाठी डॉक्टरकडे पाठवतो का?

शेवटचा प्रश्न, तो तुम्हाला स्वतःच्या पायावर उभं करतो का? वस्ताद एक डाव राखून ठेवतो असं आपण म्हणतो. व्यायामाच्या ट्रेनरने एकही राखू नये. सहा महिन्यांनी तुम्हाला एकट्याने व्यायाम करता आला पाहिजे.

आणि पैसे महिन्याचेच भरा.

मला मिळाली ती सव्वीस वर्षांची मुलगी आहे. पहिला एक तास तिने नुसतं विचारलं आणि लिहून घेतलं. पहिला महिना मी खुर्चीवरून उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून जोर एवढंच केलं. मला लाज वाटायची. ती म्हणायची, "ताई, घाई कुणाला आहे?" आज मी गव्हाचं वीस किलोचं पोतं कंबर न धरता उचलते. एचबीएवनसी ५.८ आहे. म्हणजे अजून मी उंबऱ्यावरच आहे, पण एक पाऊल मागे आले आहे.

ज्यांना साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे सगळं डॉक्टरांना सांगून सुरू करावं. व्यायाम आणि आहार बदलला की गोळीचं प्रमाणही बदलावं लागू शकतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि ज्यांना ट्रेनर परवडत नाही त्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं, दोन दिवस जोर-बैठका झेपतील तशा काढाव्यात. त्याला एक पैसा लागत नाही.

शेवटी दोन विनंत्या. पहिली शाळेला. आपल्या वेळी पीटीच्या तासाला मुलं मैदानावर आणि मुली वर्गात भरतकाम करत असत. २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. या मेळाव्यातून जो निधी उरेल, त्यातून शाळेतल्या मुलींसाठी मॅट घ्यावी आणि शिकवायला चांगला वस्ताद आणावा. निवडताना मघाची यादी वापरा.

दुसरी विनंती तुम्हाला. पुढच्या मेळाव्यात दाराशी गुलाबपाणी शिंपडाल, तिथेच एक टेबल साखर आणि बीपी तपासायला ठेवू. आपल्या बॅचची हजेरी आज सकाळी सरांनी घेतली, तेव्हा तीन नावांना उत्तर आलं नाही. त्यातल्या दोघांना हार्ट अटॅक आला होता, पन्नाशी गाठायच्या आत. पुढच्या हजेरीला सगळ्यांनी 'हजर' म्हणावं एवढंच मला वाटतं.

आई आज इथे आली आहे, मागच्या रांगेत खुर्चीवर बसली आहे. सकाळी सहाला उठून तिने माझ्यासाठी भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं. दुपारी मी माझा डबा उघडणार आहे. झाकण पूर्ण उघडणार आहे. ज्याला हवं त्याने यावं.