जमातीची निष्ठा आणि पक्षाची निष्ठा



जो मनुष्य आपल्या जमातीला चिकटून राहतो तो पक्षाचा किंवा राष्ट्राचा कितपत होऊं शकेल, असा प्रश्न पुष्कळ वेळां ऐकूं येतो. विचारणारे बहुधा शहरांतले असतात. स्वतःच्या जातीच्या उमेदवारास मत देतांना त्यांना तो पडत नाहीं, ही गोष्ट निराळी.

ठाणें जिल्ह्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं दिलें आहे. १९४५ च्या जानेवारींत कल्याणजवळ टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगांव तालुक्यांतील मूठभर वारली तेथें आले आणि काय ऐकलें तें पाड्यापाड्यांतून सांगत परतले. मे महिन्यांत झरीच्या सभेला हजारों वारली जमले व यापुढें वेठ करावयाची नाहीं असें ठरलें. ऑक्टोबरांत गवतकापणीच्या मजुरीसाठीं संप झाला. १० तारखेस तलवाड्याला पोलिसांनीं गोळी चालविली. जेठ्या गांगड व आणखी चार जण पडले. तरीहि संप मोडला नाहीं. ज्यांच्यामागें हे लोक उभे राहिले त्या शामराव व गोदावरी परुळेकर वारली नव्हत्या, त्या मुलखाच्याहि नव्हत्या. निरोप पोंचला तो मात्र जमातीच्या नात्यांतून. छापील पत्रकें वाचणार कोण होतें?

पुढें १९६० सालीं उंबरगांव गुजरातेंत गेला, तलासरी महाराष्ट्रांत राहिली. एकाच जमातीचीं घरें दोन राज्यांत विभागलीं. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथल्या लोकसभेच्या राखीव जागेवर २०१८ च्या पोटनिवडणुकींत भारतीय जनता पक्षातर्फें निवडून आलेले राजेंद्र गावित २०१९ सालीं शिवसेनेतर्फें निवडून आले. डहाणू विधानसभेची जागा मात्र २०१९ व २०२४ अशी दोन्ही वेळां मार्क्सवादी कम्युनिस्टांकडेच गेली. तेव्हां निष्ठा पातळ कोठें आहे, तें आपणच पाहावें.

दोष नाहींच असें मी म्हणत नाहीं. सरकारी यादींत ‘अनुसूचित जमाती’ हें एक नांव असलें तरी त्याखालीं वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी असे अनेक समाज आहेत. जव्हारच्या संस्थानावर तर मुकणे ह्या कोळी घराण्याचेंच राज्य होतें. पक्ष उमेदवार निवडतात तो साहजिकच संख्येनें मोठ्या समाजाकडे पाहून. ज्याला जमीन नाहीं, जो वर्षांतले कित्येक महिने वीटभट्टीवर असतो, त्या कातकऱ्याच्या दारीं मतें मागावयास कोण जातो?