घामाचा हक्क
(काळ्या दिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ नोव्हेंबर ही तारीख १९५६ पासून आपल्या काळजावर कोरली गेली आहे. याच तारखेला, १९१३ साली, सातासमुद्रापार सॅन फ्रान्सिस्को शहरी ‘गदर’ पत्राचा पहिला अंक उर्दूत निघाला. त्या पत्रास पैसा पुरविणारे कोण होते? लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत राबणारे, बहुतांशी पंजाबी, मजूर!

ही माणसे क्रांतीसाठी गेली नव्हती. पोटासाठी गेली होती. परंतु १९०७ साली अमेरिकेतील बेलिंगहॅम गावच्या गोऱ्या जमावाने हिंदी मजुरांना मारझोड करून हुसकून लावले. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ उतारूंना कॅनडातील व्हँकुव्हर बंदरात दोन महिने अडकवून, बहुतेकांस परत धाडण्यात आले. उतारू ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन आणि कॅनडाही त्याच साम्राज्यातला! ज्याच्या मायदेशी त्याची सत्ता नाही, त्याच्या घामाला परदेशी मोल नाही, हे या मजुरांना तेथे उमगले.

या लढ्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकावयास गेले, गदरवाले होऊन परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर चढले. वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांना इंग्रजी राज्यात मायदेशाचे दार बंद झाले. तेव्हा त्यांनी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांसाठी मक्याची सुधारित वाणे सिद्ध केली. मेक्सिकोस आपले मानले, म्हणून हिंदुस्थान त्यांना परका झाला काय? १९६७ साली त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो नागपुरात!

आमची सीमा दोन राष्ट्रांमधील नाही. एकाच राष्ट्रातील दोन राज्यांमधील आहे. त्यांच्या यातनांशी आमची दुःखे तोलण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु ‘राहायचे तर मुकाट राहा, नाहीतर चालते व्हा’ ही भाषा आम्हीही ऐकली आहे. म्हणूनच एक गोष्ट निक्षून सांगतो. आज आपल्या गावी दूरच्या प्रांतांतून मजूर बांधकामावर येतात. कोणी त्यांच्या बोलीची टवाळी केली, त्यांची मजुरी बुडविली, तर आपण कोठे उभे राहणार? बेलिंगहॅमच्या जमावात, की त्या मजुरांच्या शेजारी?

मायबोलीचा हक्क आम्ही उपकार म्हणून मागत नाही, न्याय म्हणून मागतो. जो न्याय आपण आपल्या दारी आलेल्यास नाकारू, तो दुसऱ्याच्या दारी कोणत्या तोंडाने मागणार?

जय हिंद! जय महाराष्ट्र!