चोळीचें माप

नरसी हें हिंगोली जिल्ह्यांतील कयाधू नदीच्या कांठचें गांव. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा या गांवाकडे बोट दाखविते, आणि गांवाच्या नांवाला आतां त्यांचेंच नांव जोडलेलें आहे. जिल्हा म्हणून हिंगोलीचें वय लहान. १ मे १९९९ रोजीं तो परभणी जिल्ह्यापासून वेगळा झाला. नरसीचा लौकिक मात्र सातशें वर्षांचा आहे. नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा मानतात. घराणें शिंप्याचें. शीखांच्या गुरुग्रंथसाहेबांत त्यांचीं ६१ पदें आहेत, आणि गज, कात्री, सुई व दोरा हीं शिंप्याचीं हत्यारें त्यांतील एका पदांत भक्तीचीं रूपकें होऊन आलीं आहेत.

या गजाची आणि कात्रीची दुसरी एक बाजू अगदीं ऐहिक आहे, आणि तिच्याविषयीं सुशिक्षित घरांतसुद्धां कोणी मोकळेपणीं बोलत नाहीं. ती म्हणजे स्त्रियांच्या अंतर्वस्त्राचें माप. ज्यांचा उरोभाग भरलेला आहे अशा स्त्रियांना अंगाला नीट बसेल अशी ब्रेसियर दुकानांत सहसा मिळत नाहीं. पोहण्याचा पोषाख तर नाहींच नाहीं. मिळत नाहीं हें सांगावें तरी कोणाला, हा पुढचा प्रश्न. पुरुष विक्रेत्यासमोर माप उच्चारणें अवघड, घरांतील वडील मंडळींसमोर विषय काढणें त्याहून अवघड. मग जें हातीं लागेल तें कागदांत गुंडाळून घ्यावें, आणि खांद्यावर वळ उठले तरी तें निमूटपणें वापरावें, असा बहुतेक घरांतला क्रम असतो. चष्म्याचा नंबर चुकला तर माणूस दुसऱ्या दिवशीं दुकानदाराशीं भांडतो. येथें मात्र चूक आपल्या शरीराचीच आहे असें ती स्त्री मानून बसते.

वास्तविक, मापाचा हा प्रश्न आपल्या आजी-पणजींना फारसा पडत नव्हता. मराठी रीतींत स्त्रीला जें वस्त्र द्यावयाचें तें शिवलेलें देत नाहींत. ओटी भरतात ती खणानारळानें, आणि खण म्हणजे चोळीपुरतें न कापलेलें कापड. विजापूरच्या बाजूस गुळेदगुड्ड येथें विणलेला खण असो कीं दुसरा कोणता, तो घेऊन आलेल्या माणसाला त्या बाईचें माप विचारण्याचें कारण पडत नसे. पूर्वीं स्त्रीच्या किरकोळ खर्चासाठीं जी नेमणूक करून देत तिला चोळीबांगडी असें नांव होतें, यावरून या वस्त्राचें महत्त्व ध्यानांत यावें. कापड सर्वांचें सारखें. कात्री मात्र ज्या त्या अंगाप्रमाणें चाले.

आणि चोळीची बेतणीहि विचारपूर्वक केलेली असे. जुनी गांठीची चोळी आंखूड, उराच्या अगदीं खालीं संपणारी, अंगाला घट्ट. पुढील दोन्ही टोंकें ओढून उराखालीं गांठ मारली कीं सारा भार त्या गांठीच्या पट्ट्यावर येई. खांद्यावर फारसा पडत नसे. बाळंतपणांत अंग वाढलें तर गांठ सैल करावी, उतरलें तर आवळावी. ज्याला आज शास्त्रीय बेतणी म्हणून परदेशांतून आणतात, तिचें मुख्य तत्त्व या गांठींत होतें. सर्वच चोळ्या उत्तम शिवल्या जात असें मात्र समजूं नये. वाईट शिंपी तेव्हांहि होते, आणि कांखेंत काचणाऱ्या चोळीचें दुःख जुन्या बायकांनाहि ठाऊक होतें.

पुढें पोलकें आलें, झंपर आलें, ब्लाऊज आलें. हीं वस्त्रें लांब, कंबरेकडे उतरणारीं आणि उरावर सैल. त्यांच्यानें आधार मिळेना. म्हणून आंत निराळी ‘बॉडी’ घालण्याची गरज उत्पन्न झाली. एका वस्त्राचें काम दोघांत वांटलें गेलें, आणि त्यांतलें आंतलें वस्त्र शिंप्याच्या हातून निसटून कारखान्यांत गेलें. सारी अडचण या ठिकाणीं सुरू होते. शिंपी अंग पाहून कापड कापीत असे. कारखाना कापड आधीं कापून ठेवतो, आणि मग त्यांत बसणारें अंग शोधतो.

पाश्चात्त्य देशांतहि ही वस्तु फार जुनी नाहीं. न्यूयॉर्क येथील मेरी फेल्प्स जेकब या तरुणीनें दोन हातरुमाल आणि फीत जोडून बेतलेल्या अंतर्वस्त्राचें पेटंट तिला १९१४ च्या नोव्हेंबरांत मिळालें. पुढें तें वॉर्नर नांवाच्या कंपनीनें विकत घेतलें. तरी मापाचा घोळ होताच. एकाच घेराच्या दोन स्त्रियांचा उरोभाग सारखा नसतो, हें नुसत्या इंचांत कसें सांगावें? १९३२ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅम्प कंपनीनें त्यासाठीं ए पासून डी पर्यंत अक्षरें योजलीं, आणि १९३० नंतरच्या दशकांतच वॉर्नरनें तीं आपल्या मालाला लावलीं. आज डब्यावर जें ३४ आणि त्यापुढें बी किंवा सी असें छापलेलें असतें, त्याचा उगम हा.

या आंकड्याचा आणि अक्षराचा अर्थ नीट समजून घेतला तर निम्मी अडचण सुटते. आंकडा हा उराखालच्या पट्ट्याचा. अक्षर हें वाटीचें. परंतु वाटीचा आकार एकट्या अक्षरावरून ठरत नाहीं. उराखालचा घेर आणि उरावरचा घेर यांत जितक्या इंचांचा फरक, तितकें अक्षर पुढचें. एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. पुढें इंग्रजी पद्धतींत पांचाला डबल डी, सहाला ई, सातांना एफ. म्हणजे ‘डी’ हें अक्षर फारच मोठ्या स्त्रीचें, ही सर्वत्र रूढ झालेली समजूत चुकीची आहे. सडपातळ अंगाच्या मुलीचेंहि माप डी असूं शकतें.

आतां चूक कोठें होते तें पाहावें. पूर्वीं कापडाला ताण नव्हता, म्हणून उराखालच्या घेरांत चार इंच मिळवून पट्ट्याचा आंकडा काढीत. ताणाचें सूत आलें तरी मिळवणी कायम राहिली, आणि अद्यापहि कित्येक दुकानांत व कोष्टकांत ती आढळते. एक उदाहरण मांडून पाहूं. एका स्त्रीचा उराखालील घेर ३४ इंच आहे आणि उरावरील ४१. फरक सात, म्हणजे तिचें माप ३४ एफ. जुन्या हिशेबानें ३४ मध्यें चार मिळविले, झाले ३८; ४१ तून ३८ गेले, उरले तीन; म्हणून दुकानदार तिला ३८ सी देतो. पट्टा चार इंचांनीं सैल, हें तर उघडच आहे. वाटीचें काय? पट्टा एक पायरी कमी केला तर तीच वाटी एक अक्षर पुढें सरकते: ३८ सी, ३६ डी आणि ३४ डबल डी या तिन्हींतील वाटी सारखीच. म्हणजे तिला हवी होती एफ, आणि मिळाली डबल डी. दोन अक्षरांनीं लहान! कृश बांध्याच्या स्त्रीला ही चूक कशीबशी खपते. भरल्या अंगाच्या स्त्रीला ती दिवसभर बोंचत राहते.

बोंचते म्हणजे काय होतें? पट्टा सैल असल्यामुळें पाठीवर वर चढतो. तो वर चढला कीं पुढची बाजू खालीं येते. मग खांद्याच्या पट्ट्या आवळाव्या लागतात, आणि सारा भार त्या दोन अरुंद फितींवर पडतो. खांद्यांत खांचा पडतात, मान अवघडते. उराला स्वतःचा स्नायु नाहीं. त्वचा आणि आंतील बारीक तंतु यांच्याच आधारावर तो असतो. वसमत-हिंगोलीकडे हळदीच्या शेतांत ज्या स्त्रिया वांकून काम करतात, त्यांना मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत उराखालीं घामानें चट्टे उठतात. सैल, ओलें आणि घांसणारें वस्त्र त्यांत भरच घालतें. ही व्यथा शहरी स्त्रीचीच आहे असें कोणीं समजूं नये. उलट, अशा वस्त्रानें कर्करोग होतो ही धास्ती मात्र सोडून द्यावी. सिअॅटल येथील संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ब्रेसियरचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा कांहीं संबंध आढळला नाहीं.

सर्वांत मोठें नुकसान होतें तें शाळकरी मुलींचें. इंग्लंडांतील पोर्ट्‌स्मथ विद्यापीठांत या विषयाचा अभ्यास करणारें एक पथक आहे. त्यांनीं ११ ते १८ वर्षांच्या २,०८९ मुलींना प्रश्न विचारले, तेव्हां ४६ टक्के मुलींनीं सांगितलें कीं, उरोभागाच्या वाढीचा आपल्या खेळावर कांहीं ना कांहीं परिणाम होतो. निम्म्याहून अधिक मुलींनीं खेळाची ब्रेसियर कधींच घातली नव्हती. आपल्याकडे सातवी-आठवीपर्यंत खोखोंत सर्वांच्या पुढें असणारी मुलगी नववींत एकाएकीं ओढणी सांवरीत कडेला उभी राहते, तेव्हां शिक्षक म्हणतात तिचा उत्साह गेला, आई म्हणते ती आतां शहाणी झाली. पुष्कळदां दोघांचेंहि निदान चुकलेलें असतें. तिला धांवतांना दुखतें आणि लाजहि वाटते, एवढेंच. १९७७ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट येथें लिसा लिंडाल, पॉली स्मिथ व हिंडा मिलर या तिघींनीं धांवण्यासाठीं पहिली ब्रेसियर तयार केली, ती पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट एकत्र शिवून! गरज किती साधी होती आणि ती ओळखावयास किती काळ लागला, हें यावरून दिसतें.

योग्य वस्त्राच्या खुणा घरच्या आरशांत पाहतां येतात. पट्टा पुढून मागें जमिनीशीं समांतर राहिला पाहिजे, आणि खालीं दोन बोटें जातील इतकाच सैल. दोन वाट्यांमधला भाग छातीला टेकलेला असावा. तो अधांतरीं राहिला तर वाटी लहान समजावी. कडेनें किंवा कांखेकडे अंग बाहेर येतां कामा नये. नवें वस्त्र शेवटच्या, म्हणजे सर्वांत सैल आकड्यावर बसावें, कारण वापरानें तें ताणतें आणि मग पुढचे आकडे उपयोगीं पडतात. दोन्ही बाजू बहुधा सारख्या नसतात. माप मोठ्या बाजूचें धरावें. आणि बाळंतपणानंतर किंवा वजन बदलल्यावर माप पुन्हां घ्यावें. लग्नांत घेतलेलें माप जन्मभर चालतें, ही समजूत कोठून आली कोण जाणे.

माल मिळण्याची सोय पूर्वीपेक्षां बरी आहे. २०११ सालीं बंगळुरास रिचा कर यांनीं ‘झिवामे’ ही पेढी सुरू केली, आणि घरबसल्या, कोणासमोर उच्चार न करतां, अंतर्वस्त्र मागविण्याचा मार्ग अनेकींना खुला झाला. हिंगोलीसारख्या गांवच्या स्त्रीला ही सवलत लहान नव्हे. तरी मागवितांना आंकडा चुकीचा घातला तर टपालानें चुकीचेंच वस्त्र येणार. टेप आधीं घेतली पाहिजे. ब्लाऊजाच्या बाबतींत मात्र गांवचा शिंपी अद्याप कारखान्याच्या पुढें आहे. ‘कटोरी’ ब्लाऊज म्हणून तो जें शिवतो, त्यांत उरासाठीं वाटीसारखा निराळा तुकडा कापून जोडतो. भरल्या अंगाला नुसत्या दोन टक्सांपेक्षां हा बेत पुष्कळ चांगला बसतो. मुंढा खोल कापूं नये आणि माप योग्य ब्रेसियर घालूनच द्यावें, एवढी दक्षता ठेवावी. जुन्या, ओघळलेल्या ब्रेसियरवर माप दिलें तर कटोरी भलत्याच जागीं येते, आणि दोष शिंप्याच्या माथीं बसतो.

राहिला पोहण्याचा पोषाख. भारतीय स्त्रिया जलतरणांत मागें नाहींत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत मुंबईच्या डॉली नझीर आणि बंगालच्या आरती साहा पोहल्या, आणि १९५९ सालीं आरती साहांनीं इंग्लिश खाडी पार केली. पण तलावावर सकाळीं बायकांसाठीं राखून ठेवलेल्या वेळेला जी चाळिशींतली गृहिणी येऊं इच्छिते, तिचें घोडें पोषाखापाशीं अडतें. दुकानांत पोषाख मिळतो तो लहान, मध्यम व मोठा अशा तीनचार मापांत. उराला बसला तर कंबरेला पिशवीसारखा, कंबरेला बसला तर वर मावत नाहीं. म्हणून पुष्कळजणी आंत आपली नेहमींची सुती ब्रेसियर घालतात. ती पाणी पिते, जड होते, आणि ओली झाल्यावर आधार देण्याचें सोडून देते.

यावर उपाय आहेत. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा घ्यावा, म्हणजे दोन्हींचें माप निरनिराळें निवडतां येतें. वरचा भाग लांब बाह्यांचा आणि खालचा गुडघ्यापर्यंतचा असला तरी पोहण्यास अडथळा होत नाहीं, म्हणून मर्यादेची सबब पुढें करण्याचें कारण उरत नाहीं. आंत उराखालीं रुंद ताणाचा पट्टा शिवलेला आहे ना, हें पोषाख उलटा करून पाहावें. कांहीं परदेशी कंपन्या ब्रेसियरच्याच आंकड्या-अक्षरांत पोहण्याचे पोषाख काढतात, ते सर्वांत उत्तम, पण महाग. मानेमागें गांठ मारण्याची तऱ्हा भरल्या अंगाच्या स्त्रीनें टाळावी, कारण सारा भार मानेवर येतो. खांद्यावरून सरळ जाणाऱ्या रुंद पट्ट्या बऱ्या. पाण्यांत कापड सैलावतें, तेव्हां दुकानांत किंचित् घट्ट वाटेल असाच पोषाख घ्यावा. १९५८ सालीं अमेरिकेंत जो ताणाचा धागा निघाला, ज्याला लायक्रा म्हणतात, त्याच्या जोरावर हे पोषाख उभे आहेत. आणि तलावाच्या पाण्यांतील क्लोरीन त्या धाग्याचा शत्रु आहे. पोहून आल्याबरोबर पोषाख साध्या पाण्यांत खळबळून, न पिळतां, सावलींत वाळत घालावा. दोन हंगामांनंतर तो उन्हाकडे धरून पाहावा. कापड जाळीसारखें विरळ दिसूं लागलें असेल, तर ताण संपला. नवा घ्यावयाचा, आणि घेण्यापूर्वीं पुन्हां एकदां माप.