हापशावर नाव कुणाचं?

(लासूर स्टेशन येथे स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण मूळचा इथलाच, स्टेशनचा. भाषणाची सवय नाही, तेव्हा कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी आलो होतो. रेशनचे किट वाटायचे ठरले. आपलेच तीन गट तीन याद्या घेऊन फिरत होते. कॉम्प्युटरवाला म्हणून एका गटाची यादी माझ्याकडे आली. मी ती नीट लावली, वाटप झालं, फोटो निघाले. महिन्याभराने तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. काही घरं तिन्ही याद्यांत होती. रुळांपलीकडे पाल टाकून राहणारी माणसं एकाही यादीत नव्हती.

कुणाची नियत खोटी नव्हती. पण त्यांची मशीद वेगळी, मसलक वेगळा, म्हणून त्यांच्याकडे यादी मागायला मी गेलोच नाही. उपाशी कोण राहिलं? ज्यांना आमच्या मसलकांशी काही देणंघेणं नव्हतं, ते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. धर्माच्या बाबतीत ज्यांचं आपसात पटत नाही, अशी माणसं सेवेचं काम एकत्र कशी करतात? उत्तर मला याच रेल्वेलाईनवर पुढे, जालन्यात सापडलं. आणि ते आपण सगळ्यांनी लहानपणी वापरलेलं आहे. आपला हापसा.

आपल्या भागात ख्रिस्ती वस्त्या जुन्या आहेत. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावचं कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकापासूनचं. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं. सगळे येशूला मानणारे, पण पंथ वेगळे, उपासनेची रीत वेगळी. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात तर शतकांचं वैर. आपल्याला हे काही नवीन नाही.

1960 च्या दशकात दुष्काळ पडले. खडकाळ जमिनीत विहीर खणणं अवघड, म्हणून या मिशनांनी बोअर घ्यायला सुरुवात केली. 1966 साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांनी मिळून 'ॲफ्रो' ही संस्था उभी केली, म्हणजे ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन. काम एकच: शेती आणि पाण्यासाठी लागणारं तांत्रिक ज्ञान सगळ्यांना पुरवायचं. कुणाचं धर्मशास्त्र बरोबर, हा विषय तिथे नव्हता.

बोअर झाले, पण पंप टिकेनात. तेव्हाचे बिडाचे पंप परदेशी नमुन्यांवरून बनवलेले, एका घराला, एका मळ्याला पुरतील असे. आपल्याकडे एका पंपावर अख्खं गाव, पहाटेपासून रात्रीपर्यंत. मग दांडा मोडायचा, खिळ निसटायची. 1970 च्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली, तेव्हा चारातले तीन पंप बंद सापडले. पाणी जमिनीत होतं, खर्च झालेला होता, आणि बाया पुन्हा दोन कोस चालत होत्या.

मिशनची माणसं गावातच राहत होती, त्यामुळे तक्रार त्यांच्या दारात यायची. जालन्याच्या वर्कशॉपमध्ये बिडाऐवजी पोलादाचा पंप बनवला गेला. पुढे 'जलवाड' पंप आला. जालना आणि वडाळा ही दोन्ही नावं त्यात ऐकू येतात. मग सोलापूरचा पंप आला. दांड्याला एकच सांधा, आत साखळी, आणि सगळा भार पेलणारं काँक्रीटमध्ये रोवलेलं खोड. एकाने केलेलं दुसऱ्याने सुधारलं. हाच सोलापूर पंप पायाला धरून युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने 'इंडिया मार्क टू' तयार केला, कोइंबतूरकडच्या गावांत तपासला. 1979 साली त्याचं भारतीय मानक निघालं. आज तो आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आहे. त्याच्यावर कुणाचं पेटंट नाही. आमच्या धंद्यात याला ओपन सोर्स म्हणतात.

आता कुणी म्हणेल, मिशनरी सेवा करायचे ते धर्मांतरासाठी. हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि मिशनांच्या इतिहासात त्याला आधारही सापडेल. पण हापशाचं पाणी कलमा विचारत नाही, बाप्तिस्मा विचारत नाही, जात विचारत नाही. ज्या गावांत विहिरीवर दलितांना चढू देत नव्हते, तिथे रस्त्याकडेचा हापसा ही साधी गोष्ट नव्हती. माझी दादी त्याच हापशाच्या रांगेत सगळ्या जातींच्या बायांशी भांडली आणि तिथेच त्यांच्याशी मैत्रीही केली. तो कुणी बनवला, हे तिला कधी कळलं नाही.

मी यातून तीन गोष्टी घेतल्या. एक, एकत्र काम करायला एकमत लागत नाही. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसला पाहिजे. दोन, उद्घाटनापेक्षा दुरुस्ती मोठी. बोअर घेणारे पुष्कळ होते, वायसर बदलणारा मिळत नव्हता. तीन, कामावर आपलं नाव नसलं तर दुसरा त्यात हात घालायला लाजत नाही.

हापसाही सगळं सोडवू शकला नाही. आपण बोअरवर बोअर घेतले, पाणी खाली गेलं, आणि आज कितीतरी हापसे कोरडे उभे आहेत. तेव्हा त्यांची पूजा नको, पद्धत घेऊ.

माझं मागणं लहान आहे. येत्या रमजानमध्ये जकात आणि फित्रा प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने काढावा. पण गरजूंची यादी गावात एकच असावी, आणि फित्र्याच्या पलीकडची जी मदत आपण करतो, तिच्यासाठी त्या यादीत सगळ्या धर्मांची घरं असावीत. ती मी बनवून देतो, फुकट. चर्चमधल्या, बुद्धविहारातल्या, मंदिरातल्या मंडळींनाही ती दाखवू, त्यांच्याकडची नावं घेऊ. बॅनर कुणाचाच नको.

आणि यादीची सुरुवात रुळांपलीकडच्या पालांपासून करू. रविवारी सकाळी आठ वाजता मी फाटकापाशी उभा असेन. ज्यांना यायचं त्यांनी या.