उचल घेतली की शाळा ठरते

आजचा विषय शाळेचा आहे, पण सुरुवात पैशापासून करूया.

बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत पोरांचं शाळेचं वर्ष कधी ठरतं? जूनमध्ये नाव घालताना? नाही. ते ठरतं मुकादमाकडून उचल घेताना. उचल म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम. पाऊस होईल का, कापसाला भाव मिळेल का, कशाचाच भरवसा नसतो. अशा वेळी नक्की हातात पडणारा पैसा हाच. त्यात जुनं देणं, दवाखाना, लग्नकार्य भागतं. आणि मग दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून दोघांनाही जावं लागतं. मग पोरं कुणापाशी ठेवायची? आजी धडधाकट असेल तर ठीक, नाहीतर पोरं सोबत. थोरली मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळणं, पाणी, भाकरी तिच्याकडे. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे अर्धं वर्ष गेलंच. असं दोन-तीनदा झालं की आधी गणित सुटतं, मग शाळा.

आपण पटकन म्हणतो, 'यांना शिक्षणाची किंमत नाही.' अहो, किंमत कळते! पण शिकून मिळणारी नोकरी दहा वर्षं लांब, तीही मिळेलच असं नाही. उचल मात्र याच हंगामात फेडायची असते. फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते.

म्हणून नुसत्या उपदेशानं भागत नाही. गावातच जेवणाची, राहण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहं हवीत आणि ती गाड्या निघायच्या आधी सुरू व्हायला हवीत. पोरं एकदा फडावर गेली की परत आणणं अवघड.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो. तुमच्या गावाजवळ कारखाना असेल, तर टोळ्या येतील तेव्हा जवळच्या शाळेतल्या गुरुजींना, बाईंना भेटा. कोप्यांवर किती पोरं आहेत, एवढं जरी कळवलंत, तरी कुणाचं तरी वर्ष वाचेल.

भेटू पुढच्या भागात!